दुसऱ्या फ्रेममधला माणूस

एचडीआर शिकायला मी सुरुवात केली ती आमच्या स्वयंपाकघरातून. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला आमचा फोटो स्टुडिओ आहे, पुढे दुकान आणि मागे घर. बाबांनी तो सुरू केला, आता मी चालवते. पासपोर्ट, लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, एवढंच आमचं काम. पण त्या वर्षी गोंदियातल्या एका हॉटेलवाल्यानं खोल्यांचे फोटो मागितले आणि मी काढलेले बघून परत पाठवले. पलंग नीट दिसत होता तिथे खिडकी पांढरीफटक पडली होती, आणि खिडकीबाहेरचं झाड दिसत होतं तिथे पलंग अंधारात बुडाला होता. "मॅडम, दोनो दिखना चाहिए," एवढंच तो म्हणाला.

डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एका वेळी एकच दिसतं. त्यावर उपाय म्हणजे हे एचडीआर, एकाच जागेचे तीन फोटो घ्यायचे. एक नेहमीच्या उजेडाचा, एक मुद्दाम काळा, एक मुद्दाम पांढरा. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकमेकांवर बसवायचे. काळ्यातून खिडकी घ्यायची, पांढऱ्यातून कोपरे घ्यायचे. हे सगळं मी हिंदी व्हिडिओ बघून शिकले. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं ठेवून ट्रायपॉड लावला. आई ओट्याशी होती. जोडलेला फोटो तयार झाला तेव्हा भिंतीची काजळी आणि बाहेरचं ऊन दोन्ही स्पष्ट आलं होतं, पण आईच्या अंगातून मागचा डबा दिसत होता. तिन्ही फोटोंत ती वेगवेगळ्या जागी होती. आई म्हणाली, "हे काय, मले भूत करून टाकलंस."

मग कळलं की सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक खूण करायचा चौकोन असतो. तो निवडला की जे हललंय ते सॉफ्टवेअर शोधून काढतं, पहिला फोटो खरा मानतं आणि बाकीच्या दोघांतलं हलणारं पुसून टाकतं. मी तो चौकोन निवडला आणि तो तसाच राहू दिला.

हॉटेलचं काम झालं. तिथले फोटो बघून एका राइस मिलच्या मालकाचा निरोप आला. त्यांना माहितीपत्रकासाठी आणि ऑफिसच्या भिंतीसाठी मिलचे मोठे फोटो हवे होते.

गोंदियात वाढलेल्या माणसाला राइस मिल नवी नसते, पण मी आत कधी गेले नव्हते. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं मला काही दिसलंच नाही. पत्र्याच्या छताला भोकं होती, त्यांतून उन्हाच्या काठ्या खाली आल्या होत्या आणि त्यांत कोंड्याची धूळ फिरत होती. मोठं दार सताड उघडं, बाहेर दुपार. आवाज इतका की शेजारच्याशी कानात बोलावं लागे. माझ्यासारख्या शिकाऊला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. ट्रायपॉड लावताना मला आनंद झाला होता हे मी कबूल केलं पाहिजे.

डाव्या कोपऱ्यात एक मोटर होती आणि तिच्यावरून वर जाणारा रुंद पट्टा. जवळच धान ओतणारा एक माणूस होता. चाळिशीचा असेल. बारीक, गळ्यात गमछा, भुवया आणि पापण्या कोंड्यानं पांढऱ्या. मी पहिला फोटो घेतला तेव्हा तो चौकटीबाहेर होता. रिमोट दाबला की एक फोटो निघे, मग सेकंदभर थांबायचं, मग पुन्हा दाबायचं. पहिला निघाला तेवढ्यात तो पोतं टाकून कोपऱ्यात आला, पट्ट्याशेजारच्या खांबावर हात ठेवून उभा राहिला आणि थेट कॅमेऱ्यात बघू लागला. मी दुसरा घेतला. दुसरा म्हणजे काळा. क्लिक झालेलं त्यानं बघितलं, त्याला वाटलं झालं, आणि तो चालू लागला. तिसरा निघाला तेव्हा तो अर्धा दाराकडे पोचला होता.

जाता जाता माझ्याजवळ येऊन त्यानं ओरडून विचारलं, "आला का जी मी?"

"आला," मी म्हणाले.

तो हसला. दात तेवढे कोंड्याशिवाय होते. त्याचं नाव मी विचारलं नाही.

जोडलेल्या फोटोत तो नव्हता. पहिला फोटो खरा मानला गेला आणि त्यात कोपरा रिकामा होता. माझ्या हे लक्षातसुद्धा आलं नाही. मी छताच्या उजेडाकडे आणि मशीनच्या ओळीकडे बघत बसले. मालकांना फोटो फार आवडला. डावीकडचा कोपरा मात्र कचऱ्यासारखा दिसतो म्हणाले, "वो निकाल दो." मी डावीकडची पट्टी कापून टाकली. तो फोटो मोठा करून त्यांच्या ऑफिसात लागला.

दिवाळीनंतर नवं धान आलं आणि मिल दोन पाळ्यांत चालू झाल्या. एका सकाळी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. मिलमध्ये पट्ट्यात गमछा अडकून मजुराचा मृत्यू. नावावरून मला काही कळलं नाही. मिलच्या पत्त्यावरून कळलं. मी बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी विचारलं, "तू गेली होतीस तीच?" मी हो म्हणाले आणि एका मुलीचे पासपोर्ट फोटो कापायला घेतले. तो कोण असेल याचा विचार मी केला नाही. तिथे वीसेक माणसं होती.

नऊदहा दिवसांनी दुपारी एक बाई दुकानात आली. सोबत तिचा भाऊ. ते तिरोड्याकडच्या एका गावातून आले होते. बाई तिशीची असेल. उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"तुमीच का जी मिलमंदी फोटो काढाले गेल्ता?"

"हो."

"आमच्या मालकानं घरी येऊन सांगतलं होतं. एका म्याडमनं माहा फोटो काढला म्हणे. तीन पायाचा कॅमेरा होता म्हणे." ती नवऱ्याला मालक म्हणत होती. "तो फोटो पाहिजे होता."

भावानं पुढचं सांगितलं. घरात भिंतीवर लावायला एकही फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण तो इतका पुसट की मोठा केल्यावर कुणीही वाटावं. लग्नाचे फोटो एका पावसाळ्यात भिजून चिकटले होते.

मी कॉम्प्युटरवर मिलचा फोटो उघडला, न कापलेला, पूर्ण. बाई वाकली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बघत गेली. मग परत पहिल्या टोकाला आली.

"कुठी हायेत?"

तो हलला म्हणून कॉम्प्युटरनं त्याला काढून टाकलं, हे तिला कसं सांगणार? मी म्हणाले, "थांबा, यात नाही. दुसऱ्यात आहे." आणि मूळचे तीन फोटो शोधले. पहिल्यात नव्हता. तिसऱ्यात दाराजवळ एक राखाडी फराटा होता, तो माणूस आहे हे मलाच ठाऊक. दुसरा फोटो म्हणजे जवळजवळ सगळा काळा चौकोन. मी त्यातला अंधार हळूहळू वर उचलू लागले. आधी गमछा दिसला. मग कपाळ, मग डोळे. फोटोत दाणे पडले, रंग विटल्यासारखे झाले, पण चेहरा ठसठशीत होता. तो सरळ आमच्याकडे बघत होता.

बाईनं पदर तोंडावर धरला. रडली नाही. भावाला म्हणाली, "हेच."

त्यांना मी दोन दिवसांनी प्रिंट घरी पोचवते म्हणून सांगितलं. ते गेल्यावर फोटो नीट करायला बसले आणि अंधार आणखी थोडा उचलला, तेव्हा बाकीचंही दिसू लागलं. त्याच्या हाताशेजारी पट्टा आणि चाक उघडं होतं. त्यावर बसवायची लोखंडी जाळी मागे भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर रिकामे बारदाने वाळत घातल्यासारखे टांगले होते. ती जाळी त्या दिवशी काढलेली नव्हती. कित्येक दिवस ती तिथेच असणार, म्हणून तर लोकांनी तिचा दोरीसारखा उपयोग सुरू केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमालकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड होता. "मॅडम, वो अपने मिल के फोटो, ओरिजिनलवाले, अभी आपके पास हैं क्या?"

"असतील," मी म्हणाले.

"डिलीट कर दीजिए ना. अब क्या काम के. और उस मजदूर की फॅमिली आई थी क्या आपके पास?"

"फक्त चेहरा मागितलाय त्यांनी."

"हां, तो चेहरा दे दो. बेचारे. बाकी आप समझदार हो."

त्यांनी धमकी दिली नाही. पण गोंदियात मिलवाले एकमेकांना ओळखतात, हॉटेलवाले मिलवाल्यांना ओळखतात, आणि मी आत्ता कुठे पासपोर्ट फोटोंच्या बाहेर पाऊल टाकलं होतं. फोटो मी डिलीट केले नाहीत. पण प्रिंट काढताना चौकट आत घेतली. चेहरा, छाती, गमछा. पट्टा गेला, जाळी गेली, आणि त्याचा उजवा हात कोपरापासून गेला.

बाबा बघत होते. आयुष्यभर डार्करूममध्ये काम केलेला माणूस, त्यांना काठ बघूनच कळतं. म्हणाले, "कापलास का?"

"चेहरा मोठा यावा म्हणून."

"तर मग तसं सांगून दे. बाजूला अजून आहे, कापलाय, असं सांग. न सांगता देऊ नको."

मी हो म्हणाले.

मी स्कूटीवरून त्यांच्या गावाला गेले तो तेरवीचा दिवस होता. रस्त्यावरून दूर पॉवर प्लांटच्या चिमण्या दिसत होत्या, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं. अंगणात माणसं जेवायला बसली होती. आत गेले तर खोलीत अंधार, दारातून येणारं ऊन तेवढं जमिनीवर पडलेलं. बाईनं फ्रेम दोन्ही हातांनी घेतली, दाराशी नेली आणि उजेडात धरून बघितली. बराच वेळ बघितली.

"हा हात कुठी गेला जी?"

"कुठला?"

"हा. उजवा. त्या दिवशी तुमी दाखवला तवा हात वर होता. कशावर तरी ठेवला होता."

खोलीत आणखी दोघीतिघी होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "तो भाग फोटोत आलाच नाही नीट. काळा होता."

"असं का," ती म्हणाली. आणि फ्रेम खिळ्याला लावली, हार घातला. मला जेवायला बसवलं. मी जेवले. भात, वरण, वांग्याची भाजी. बाबांना घरी येऊन सांगितलं की दिला. त्यांनी विचारलं नाही की काय सांगून दिला.

त्यानंतर हिवाळ्यात कामं चांगली आली. लग्नाच्या एका लॉनचे फोटो, एका शोरूमचे. माझा हात बसत चालला होता. किती काळा आणि किती पांढरा फोटो घ्यायचा हे आता खोलीत पाऊल टाकल्यावर कळे.

पुढे एक दिवस बाईचा भाऊ एकटाच आला. बहिणीचे कागदपत्रांसाठी छोटे फोटो हवे होते. तिचा एक जुना फोटो मोबाइलमध्ये होता, त्यावरून काढून द्या म्हणाला. मी काढत होते तेव्हा तो स्टुलावर बसून सांगत राहिला.

"मिलवाल्यानं लिहून देल्लं का जाळी लावलेलीच होती म्हून. भाटव्यानंच काढली, त्याची चूक, असं. दोन मजुरायनं सही बी केली." तो बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणत होता.

"मग?"

"मंग काय. चौकशी चालू हाय. साहेब आले तवा जाळी लावलेली होती ना. नवा रंग देल्ला होता तिले." त्यानं स्टूल जरा पुढे ओढलं. "बहीण म्हणते, भाटवा घरी सांगे का जाळी कधीचीच काढून ठेवली हाय. पन तिचं कोन आयकते?"

माझ्यासमोर तोच कॉम्प्युटर होता. ते फोटो दोन क्लिकवर होते. मी फोटो कापले, पाकिटात घातले आणि त्याच्या हातात दिले. पैसे नको म्हणाले. एवढंच केलं.

तीन दिवस मी नेहमीची कामं करत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी बाबांना सगळं सांगितलं, फोन आला होता तेही, हाताबद्दल काय बोलले तेही. बाबांना आता कमी दिसतं, ते स्क्रीनच्या अगदी जवळ नाक नेऊन तो फोटो बघत राहिले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मेलेल्या माणसांचे फोटो मी खूप काढले. लोक बोलवत. कधी कधी अंगावर खुणा असत, घरचे म्हणत त्या येऊ देऊ नका. मी नाही येऊ दिल्या." मग म्हणाले, "तू जा आज."

मी चौकशी करणाऱ्या, कामगार खात्याच्या साहेबांच्या कार्यालयात गेले. तिन्ही फोटो पेनड्राइव्हवर, प्रिंट आणि अर्जही सोबत. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. पहिला फोटो बघितला, त्यात माणूस नव्हता आणि कोपऱ्यात कोंड्याची धूळ इतकी की पट्टा उघडा आहे की झाकलेला तेही कळत नव्हतं; तिसऱ्यात ती धूळ पांढरीफटक पडली होती. दुसरा बघितला.

"हा तर काळा आहे."

"उजळ करून हा असा दिसतो." मी प्रिंट पुढे केली.

"म्हणजे एडिट केला."

"एडिट नाही. त्यात जे आहे तेच वर आणलंय. मूळ फाइल त्यात आहे, तारीख आहे."

"आणि मिलच्या ऑफिसात लागलाय तो?"

"तो तिन्ही जोडून केलेला."

"त्यात हा माणूस नाही." त्यांनी तो बघितलेला होता. "एकाच वेळचे फोटो म्हणता, एकात माणूस आहे, एकात नाही, एकात धुरासारखा. समोरचा वकील काय म्हणेल सांगा मला." मग त्यांनी फाइल उघडली, एक कागद बाहेर काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तसंही, मॅडम, परवा तडजोड झाली. तिनं सही केली. चूक मयताची होती, तक्रार नाही, असं लिहून दिलंय."

कागदाच्या कोपऱ्यात तिचा छोटा फोटो चिकटवला होता. मी काढून दिलेल्यांतला.

परवा म्हणजे तिचा भाऊ माझ्याकडे येऊन गेल्यानंतर, मी नुसती कामं करत होते त्या तीन दिवसांत. साहेबांनी पेनड्राइव्ह ठेवून घेतला. माझ्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला.

तिथून घरी न येता मी तशीच तिरोड्याच्या रस्त्याला लागले. बाई अंगणात तूर झोडपत होती. मला बघून थांबली, हात पुसले, बाज टाकली. मी पूर्ण फोटो काढून तिच्या हातात दिला. या वेळी ती दाराशी गेली नाही, तिथेच उन्हात उभी राहून बघू लागली. बोट हातावर ठेवलं, मग खांबावर, मग पट्ट्यावर. मग मागच्या भिंतीवर.

"ही जाळी."

"हो."

"बारदाना हाय त्यावर." तिनं फोटो खाली घेतला. मग म्हणाली, "हा फोटो तवा बी होता तुमच्याजोळ?"

"होता."

"तुमी म्हणाल्या हात आलाच नाही."

"हो."

"काऊन?"

आईनं, बाबांनी, साहेबांनी, कुणीच मला तो प्रश्न असा विचारला नव्हता. मी म्हणाले, "मिलवाल्यांचा फोन आला होता. काम जाईल म्हणून भ्याले."

मला वाटलं ती शिव्या देईल. मी त्यासाठीच गेले होते बहुतेक. ती म्हणाली, "भेव तं मले बी लागलं होतं. सही कराच्या दिवशी. सगळे म्हणत होते कर म्हून. माह्यापाशी दाखवाले काहीच नोहोतं." आवाज चढला नव्हता. "हा असता तं मी केली नसती."

साहेबांना देऊन आले आहे, पुन्हा अर्ज करता येईल, मी साक्षीला येईन, असं मी काहीबाही बोलले. तिनं ऐकून घेतलं. फोटोची गुंडाळी करून तिनं आत पेटीवर नेऊन ठेवली. आतल्या भिंतीवर मी दिलेली पहिली फ्रेम तशीच होती, हार वाळून गेला होता. बाहेर येऊन तिनं काठी उचलली.

"भावाले सांगीन," ती म्हणाली. "कराचं काय ते तो करीन. तुमी आता येऊ नका, म्याडम."

मी स्कूटीकडे निघाले. मागे तुरीवर काठी पडल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तिच्या भावानं अर्ज केला. मी दोनदा साक्षीला जाऊन आले, दोन्ही वेळा तारीख पुढे गेली. मिलवाल्यांनी किंवा त्यांच्या ओळखीच्या कुणीही मला त्यानंतर बोलावलेलं नाही. भाऊ कधी रस्त्यात भेटला तर मान हलवतो. बहिणीबद्दल मी विचारत नाही आणि तो सांगत नाही.